उसनी रॅम, खोटं कार्ड आणि माझी खरी फजिती

(या भागातल्या बोलण्याचं लिखित रूप. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज मध्येमध्ये आकडे येणार आहेत.

सुरुवात मोबाईलपासून करते. परवा माझ्या आतेभावाबरोबर कल्याण स्टेशनच्या बाहेर फोन बघायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "ताई, हा घ्या, सोळा जीबी रॅम." खोका उलटा करून पाहिला तर बारीक अक्षरात लिहिलेलं, ८ प्लस ८. तुमच्यातल्या अर्ध्या जणांच्या खिशात असाच फोन असेल. यातले पहिले ८ खरे. दुसरे ८ म्हणजे फोनच्या स्टोरेजमधला एक तुकडा, जिथे तुमचे फोटो आणि रील्स पडलेले असतात तिथलाच. रॅम भरली की फोन न वापरलेली ॲप्स तिथे नेऊन ठेवतो. पण खऱ्या रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि स्टोरेजमधून उचलायला त्याच्या शेकडो पट वेळ. म्हणजे नाव रॅमचं, काम माळ्याचं. माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागतं, तसं.

आतेभावाने विचारलं, "मग खरी रॅम उसनी नाही का मिळत? तुझ्या फोनमध्ये १२ आहे, तू तर नुसती पॉडकास्ट ऐकतेस."

मी हसले खरी, पण गेली दीड-दोन वर्षं मी हेच काम करतेय. फोनमध्ये नाही, सर्व्हरमध्ये. एका सर्व्हरची पडून असलेली रॅम दुसऱ्याने वापरायची, तीही स्टोरेजच्या नव्हे तर जवळजवळ रॅमच्याच वेगाने. आणि गंमत अशी की यातलं पहिलं सगळं काम मी असं कार्ड वापरून केलं जे अस्तित्वातच नव्हतं. आजचा भाग त्या खोट्या कार्डाबद्दल आहे.

आधी हे हवंय कशाला ते बघू. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला, बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच डेटा सेंटर आहेत. आत रांगेने सर्व्हर. समजा एका सर्व्हरमध्ये ६४ कोअर आणि ५१२ जीबी रॅम आहे. त्याचे तुकडे करून व्हर्च्युअल मशीन भाड्याने देतात. कुणाला ८ कोअर आणि १६ जीबी, कुणाला ४ आणि ३२. होतं काय, एक दिवस सगळे कोअर भाड्याने जातात आणि १०० जीबी रॅम तशीच उरते. ती विकता येत नाही, कारण नुसती रॅम कोण घेणार, चालवायला कोअर नको? आणि शेजारच्याच सर्व्हरमध्ये उलटं, कोअर आहेत आणि रॅम संपलीये. मधे फक्त पत्र्याची भिंत.

मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर काम करणाऱ्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'पाँड' नावाचा एक पेपर मांडला. पाँड म्हणजे तळं, नाव चांगलं शोधलंय. त्यात त्यांनी म्हटलंय की अशी अडकून पडलेली रॅम काही वेळा २५ टक्क्यांपर्यंत जाते. आणि ८ ते १६ प्रोसेसरांमध्ये एक सामायिक साठा ठेवला तरी बराचसा फायदा मिळतो, रॅमवरचा खर्च साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो. ७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण हजारो सर्व्हर आणि सोन्याच्या भावाची रॅम, असा गुणाकार केला की किरकोळ राहत नाही.

सामायिक साठा ही कल्पना आपल्याकडच्या कुणालाही नवी नाही. ठाण्यात, भिवंडीत, मीरा-भाईंदरला 'स्टेम'चं पाणी येतं ना, ते नाव शहाड आणि टेमघर यांच्यावरून आलंय. उल्हास नदीवरची एक योजना, आणि तीन महापालिका आणि जिल्हा परिषद मिळून तिच्या मालक. प्रत्येकाने नदीवर आपापला पंप बसवायचा नाही, एकाच ठिकाणाहून ज्याचा त्याचा वाटा घ्यायचा. रॅमचं तळं असंच. एक मोठा रॅमचा खोका, त्याला बरेच सर्व्हर जोडलेले, आणि प्रत्येकाला वाटा ठरवून दिलेला.

हे जोडायचं कसं, याचं जे मानक आहे त्याचं नाव सीएक्सएल, कॉम्प्युट एक्सप्रेस लिंक. मार्च २०१९ मध्ये इंटेल आणि आणखी काही कंपन्यांनी ते जाहीर केलं. तार तीच, पीसीआय एक्सप्रेसची, ज्यावर तुमचं ग्राफिक्स कार्ड बसतं. पण त्या तारेवरून प्रोसेसर थेट 'या पत्त्यावरचा बाईट दे' असं म्हणू शकतो, जसं तो स्वतःच्या रॅमला म्हणतो. नोव्हेंबर २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिच्यात स्विच आणि पूलिंग आलं. एका खोक्याचे १६ पर्यंत भाग पाडून ते वेगवेगळ्या सर्व्हरना देता येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये तिसरी. तिच्यातली एक गोष्ट माझ्या गोष्टीत पुढे येणार आहे, म्हणून आत्ता फक्त तारीख लक्षात ठेवा.

जाता जाता एक. आमच्या कॉलेजातले सर नेहमी 'परम'चं सांगायचे. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० बनवला, त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी. दुसऱ्याच्या मेमरीतलं काही हवं असेल तर निरोप पाठवायचा, उत्तराची वाट बघायची. तेव्हा तोच व्यवहारी मार्ग होता, आजही सुपरकॉम्प्युटर बराचसा तसाच चालतो. सीएक्सएलमध्ये निरोप नाही, सरळ हात घालायचा. हात घालण्यात काय धोका असतो ते मला नंतर कळलं.

तर मी. डोंबिवलीत राहते, ऑफिस ठाण्याला. आमची टीम सहा जणांची. कामाचं स्वरूप असं की एका क्लायंटला त्यांचं सॉफ्टवेअर सामायिक रॅमवर चालेल का ते तपासून हवं होतं. क्लायंटकडे कार्ड यायला अजून सहा महिने होते. आमच्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. सर म्हणाले, "कार्ड नाही तर नाही, एम्युलेटर आहे ना."

एम्युलेटर म्हणजे क्यूएमू. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये तो सुरू केला. फुकट आहे, सोर्स उघडा आहे. क्यूएमू एक अख्खा कॉम्प्युटर सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो: प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड, सगळं खोटं. आणि आत चालणारा लिनक्स ते खऱ्यासारखंच वापरतो. सीएक्सएलचं खोटं कार्ड त्यात इंटेलच्या बेन विडॉस्की यांनी लिहायला घेतलं आणि हुआवेच्या जोनाथन कॅमेरॉन यांनी पुढे नेलं. २०२२ मध्ये ते क्यूएमूच्या मुख्य कोडमध्ये आलं. इथला क्रम बघण्यासारखा आहे. लिनक्सचा सीएक्सएल ड्रायव्हर लिहिताना बाजारात कार्ड नव्हतं. आधी खोटं कार्ड लिहिलं, मग त्याच्यावर घासून ड्रायव्हर लिहिला, मग खरं कार्ड आलं. मोटरमनला आधी सिम्युलेटरवर बसवतात, तसा इथे ड्रायव्हरच सिम्युलेटरवर शिकला.

खोटं कार्ड म्हणजे नेमकं काय खोटं? कार्डावरची रॅम खोटी नाही. ती तुमच्या मशीनच्या रॅममधलाच एक तुकडा असतो, किंवा डिस्कवरची एक फाईल. खोटं असतं ते तिच्याभोवतीचं सगळं. कार्डाची ओळख सांगणारे रजिस्टर. सूचना टाकायची पेटी, तिला मेलबॉक्सच म्हणतात: लिनक्स तिच्यात 'तुझी क्षमता किती' असं टाकतो आणि कार्ड उत्तर देतं. आणि डिकोडर, जो ठरवतो की प्रोसेसरने मागितलेला अमुक पत्ता कुठल्या कार्डावरच्या कुठल्या जागेचा. क्यूएमू हे सगळं मानकात लिहिलंय तसं सी भाषेत वठवतो.

घरी माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, ३२ जीबीचा. पहिली रात्र तिथेच गेली. क्यूएमूची कमांड म्हणजे एक लांबलचक ओळ असते. आधी मशीनला सांगायचं की सीएक्सएल चालू. मग एक होस्ट ब्रिज जोडायचा, त्याला रूट पोर्ट, पोर्टाला टाईप-३ कार्ड. टाईप-३ म्हणजे नुसती रॅम देणारं, स्वतः विचार न करणारं. कार्डामागे कुठली रॅम आहे ते सांगायचं. आणि शेवटी एक खिडकी ठरवायची, मशीनच्या पत्त्यांमधला अमुक इतका पट्टा या ब्रिजसाठी राखीव. मी चार वेळा चुकले ते एकाच जागी. कार्डाचा आकार २५६ एमबीच्या पटीत लागतो आणि मी हौसेने ५०० लिहीत होते.

पाचव्यांदा मशीन उठलं. आत गेल्यावर कार्ड दिसतं, पण रॅम वाढलेली दिसत नाही. ती आपण हाताने उघडायची. 'सीएक्सएल' नावाचीच एक कमांड आहे, तिने कार्डं बघायची, तिनेच रीजन तयार करायचा. मग ती जागा 'आता साधी रॅम म्हणून वापर' असं कर्नलला सांगायचं. एवढं झालं की कर्नल एक नवीन नोड दाखवतो, नोड १. नोड शून्यमध्ये प्रोसेसर आणि रॅम दोन्ही असतात. नोड १ मध्ये रॅम आहे आणि प्रोसेसर एकही नाही. पहाटे सव्वादोनला मी तो बिनप्रोसेसरचा नोड बघितला आणि आईला उठवायची इच्छा आवरली. तिने विचारलं असतं, "मग?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिला दणका. मी एक साधा प्रोग्राम घेतला आणि कर्नलला म्हटलं, याची सगळी मेमरी नोड १ वरूनच दे. एंटर दाबला आणि मशीन गोठलं. नुसता प्रोग्राम पडला नाही, अख्खं व्हर्च्युअल मशीन थांबलं, केव्हीएमची अंतर्गत चूक असा निरोप टाकून. मी दोन दिवस माझ्या कोडमध्ये चूक शोधली. कोडात चूक नव्हतीच.

कारण सांगते, थोडं तांत्रिक आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. क्यूएमू दोन पद्धतींनी चालतो. एका पद्धतीत तो प्रत्येक सूचना स्वतः भाषांतर करून चालवतो, हळू पण सगळं त्याच्या हातात. दुसरीत लिनक्सचं केव्हीएम वापरतो, म्हणजे सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतात, वेगात. पण सीएक्सएलच्या पत्त्यावर हात घातला की 'हा पत्ता कुठल्या कार्डाचा' हे गणित क्यूएमूला करावं लागतं. त्यासाठी तो पट्टा साधी रॅम म्हणून नाही तर एखाद्या यंत्राच्या रजिस्टरसारखा धरलेला होता. प्रत्येक वाचन-लेखनाला खरा प्रोसेसर थांबतो, क्यूएमूला हाक मारतो, उत्तर घेतो, पुढे जातो. नुसता डेटा असेल तर हे निभतं. पण कर्नलने माझ्या प्रोग्रामचा कोडच, म्हणजे चालवायच्या सूचनाच, नोड १ वर ठेवल्या. रजिस्टरसारख्या जागेवरून सूचना उचलून चालवणं केव्हीएमला जमत नाही. तो हात वर करतो.

उपाय दोन. केव्हीएम बंद करायचं आणि हळू पद्धतीने चालवायचं. तिथेही आधी बारीक दोष होते, पेज टेबल त्या मेमरीत गेलं की घोटाळा व्हायचा, ते २०२४ मध्ये दुरुस्त झाले. किंवा फक्त डेटा नोड १ वर जाईल याची काळजी घ्यायची. मी केव्हीएम बंद केलं. प्रोग्राम चालला. मी खूश.

आणि इथे मी चूक केली. ती मशीनची नव्हती, माझीच.

चालतोय म्हटल्यावर मी वेळ मोजला. नोड शून्यवर किती, नोड १ वर किती. नोड १ जवळजवळ तीसपट हळू आला. मी त्याचा छान तक्ता केला, निळा-नारिंगी ग्राफ काढला आणि गुरुवारच्या मीटिंगमध्ये दाखवला. सरांनी ग्राफ बघितला, चष्मा काढला. म्हणाले, "तीसपट? मग हा नाद सोडलेला बरा. क्लायंटला कळवून टाकू." त्या कामावर आम्ही तिघं होतो. काम बंद म्हणजे आमच्यातला एक, जो कंत्राटावर होता, त्याला महिनाअखेर दुसरीकडे बघावं लागणार होतं. हे सगळं एका ग्राफवर.

आमच्याकडे तेव्हा एक इंटर्न होता, उल्हासनगरचा पोरगा, शेवटच्या वर्षाला. मीटिंगमध्ये तोंड उघडायचा नाही. मीटिंग संपल्यावर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताई, एक विचारू? हा वेळ कार्डाचा आहे की क्यूएमूचा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अर्थात क्यूएमूचा. मी मोजला तो क्यूएमूला पत्त्याचं गणित करायला लागणारा वेळ. खऱ्या कार्डात ते गणित सिलिकॉनमध्ये होतं. खऱ्या सीएक्सएलला जवळच्या रॅमपेक्षा साधारण दुप्पट-अडीचपट वेळ लागतो. १०० च्या जागी २००, अडीचशे नॅनोसेकंद. तीसपट कुठे आणि अडीचपट कुठे. सिम्युलेटरवर ठाणे ते कल्याण चालवून पाहिलं आणि पंख्याची हवा लागली नाही म्हणून 'लोकलमध्ये फार उकडतं' असं लिहून दिलं, तसा प्रकार. बरं, हे लपलेलंही नाही. हे एम्युलेशन वागणूक तपासायला आहे, वेग मोजायला नाही, हे या कामातल्या सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. ग्राफ छान आला होता म्हणून विसरले.

त्या संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. अवघड होतं. 'आकडे जरा तपासून बघते' असं गुळमुळीत बोलता आलं असतं, तशी तयारीही केली होती. पण क्लायंटला मेल जायची होती शुक्रवारी सकाळी. मी म्हटलं, "सर, तो ग्राफ चुकीचा आहे. आकडे चुकले नाहीत, मी चुकीची गोष्ट मोजलीये." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर कशी मोजणार ते सांग."

बरोबर मोजायची युक्ती 'पाँड'वाल्यांचीच होती. त्यांच्याकडेही तेव्हा हवं तसं कार्ड नव्हतं. त्यांनी दोन प्रोसेसरवाला साधा सर्व्हर घेतला आणि एका बाजूचे सगळे कोअर बंद केले. उरली ती त्या बाजूची रॅम. पहिल्या प्रोसेसरला ती वापरायची तर मधली तार ओलांडून जावं लागतं, आणि तो उशीर सीएक्सएलच्या उशिराच्या जवळपास जातो. म्हणजे कार्ड कसं वागतं हे क्यूएमूवर बघायचं आणि किती उशीर होतो हे दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर. दोन वेगळी खोटी, दोन वेगळ्या प्रश्नांसाठी. आमच्या ऑफिसात तसा एक जुना सर्व्हर होता, बॅकअपला ठेवलेला. त्यावर मोजलं. क्लायंटचं सॉफ्टवेअर थोडंसं मंदावलं, तीसपट वगैरे काही नाही. काम चालू राहिलं.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे एम्युलेटर हळू असल्यामुळे नाही, तर फारच सज्जन असल्यामुळे फसायला झालं.

क्लायंटला पुढे नुसता वाटा नको होता, दोन सर्व्हरना एकच जागा हवी होती. कामांची एक यादी, दोघांनी तिच्यातून कामं उचलायची. क्यूएमूत हे सोपं आहे. दोन व्हर्च्युअल मशीन सुरू करायची आणि दोघांच्या कार्डामागे एकच फाईल द्यायची, सामायिक म्हणून. एकात लिहिलं की दुसऱ्यात दिसतं. आम्ही तीन आठवडे चालवलं. हजारो कामं, एकही चूक नाही. इंटर्नने तर रात्रभर चालणारी चाचणी लावली होती, मी सकाळच्या लोकलमधून फोनवरून निकाल बघायचे, दिव्याच्या पुढे नेटवर्क जायचं तोवर. रोज हिरवं.

मग क्लायंटच्या लॅबमध्ये खरं कार्ड आलं, दोन खरे सर्व्हर जोडलेलं. आम्ही दुरून लॉगिन करून तीच चाचणी लावली. अकरा मिनिटांत एक काम दोनदा झालं.

झालं असं. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची कॅश असते, जवळची छोटी वही. पहिल्या सर्व्हरने 'हे काम मी घेतलं' असं लिहिलं, पण ते त्याच्या वहीतच राहिलं, कार्डापर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्याने पाहिलं तर काम मोकळं. त्यानेही घेतलं. एकाच सर्व्हरमधल्या कोअरना एकमेकांच्या वह्यांत काय चाललंय ते हार्डवेअर कळवतं. दोन वेगळ्या सर्व्हरमध्ये असं कळवण्याची सोय सीएक्सएलच्या तिसऱ्या आवृत्तीत आली, ती ऑगस्ट २०२२ ची. क्लायंटचं कार्ड दुसऱ्या आवृत्तीचं.

मग क्यूएमूवर तीन आठवडे का चाललं? कारण तिथे दोन सर्व्हर नव्हतेच. दोन्ही व्हर्च्युअल मशीन माझ्या एकाच डेस्कटॉपवर, एकाच प्रोसेसरवर. वह्या एकमेकांना कळवत होत्याच, तेही फुकट. जी अडचण तपासायची होती तीच एम्युलेटरच्या खालच्या खऱ्या हार्डवेअरने परस्पर सोडवून टाकली होती. ती यादी रिपोर्ट बनवण्याच्या कामांची होती म्हणून दोनदा रिपोर्ट निघाला एवढंच. पैसे पाठवण्याची यादी असती तर कुणाचा तरी ईएमआय दोनदा कापला गेला असता.

दुरुस्ती म्हणजे लिहिल्यावर वहीतलं पान मुद्दाम कार्डाकडे ढकलायचं आणि वाचण्याआधी आपल्या वहीतलं जुनं पान फाडून टाकायचं. प्रोसेसरमध्ये त्यासाठी सूचना आहेत. पण तेवढ्याने भागत नाही, 'दोघांनी एकाच क्षणी घेतलं' हा प्रश्न उरतोच. आम्ही शेवटी रचनाच बदलली: प्रत्येक सर्व्हरला यादीचा आपापला भाग, आणि एका ओळीवर लिहिणारा एकच. आणि क्यूएमूच्या चाचणीत इंटर्नने एक भर घातली. प्रोग्राममध्येच एक खोटी वही लिहिली, जी मुद्दाम विसरते आणि मुद्दाम उशिरा ढकलते. ती लावल्यावर जुना कोड क्यूएमूवरही दोन मिनिटांत पडला. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि ते क्लायंटला दिलेल्या कागदपत्रांत कुठेच नाही.

आता थोडं डायनॅमिक कपॅसिटीबद्दल, कारण बऱ्याच जणांना हाच भाग आवडतो. तिसऱ्या आवृत्तीत कार्डाचा वाटा चालू मशीनमध्ये कमीजास्त करता येतो. २०२४ मध्ये क्यूएमूतही ते आलं. बाहेरून क्यूएमूला सांगायचं, 'याला एवढी जागा दे', आणि आतल्या लिनक्सला मेलबॉक्समधून निरोप जातो. मी खेळले तेव्हा लिनक्सच्या बाजूचे पॅच वेगळे लावावे लागले होते.

देणं सोपं आहे हो. परत घेणं अवघड. डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणते घाटकोपर. "मग मला द्या हां." जागा नावावर झाली, पण मिळणार कधी, तर ती उठेल तेव्हा. ओढून उठवता येत नाही. कार्डालाही लिनक्सला विचारावं लागतं, 'ही जागा सोडतोस का', आणि लिनक्सने त्या जागेवरचं सामान दुसरीकडे हलवून हो म्हटलं तरच ती सुटते. कर्नलने स्वतःची न हलणारी वस्तू तिथे ठेवली असेल तर ती जागा सुटतच नाही, कर्जतपर्यंत झोपलेल्या बाईसारखी. म्हणून अशी रॅम उघडताना आधीच सांगून ठेवायचं असतं, इथे फक्त हलवता येणाऱ्या गोष्टी ठेव. हे सांगायला विसरायचं नाही. मी विसरले होते, पण ती फजिती पुन्हा कधीतरी.

तुम्हाला करून बघायचं असेल तर खरं कार्ड नको आणि भारी मशीनही नको. ८ जीबीचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, शक्यतो नवीन क्यूएमू, कारण जुन्यात साधी रॅम देणारं कार्ड नव्हतं, फक्त वीज गेली तरी टिकणारं होतं. आतल्या मशीनला २ जीबी द्या, खोटं कार्ड २५६ एमबीचं ठेवा. केव्हीएम बंद ठेवून सुरुवात करा, हळू चालेल, चहा करून या. बिनप्रोसेसरचा नोड दिसला की मला कळवा. वेळ मात्र मोजू नका. मोजलात तर ग्राफ काढू नका.

आतेभावाचं काय झालं विचाराल. त्याला मी दुकानातून बाहेर आणून पंधरा मिनिटं हे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं, आत गेला आणि तोच ८ प्लस ८ घेतला. हिरवा रंग आवडला म्हणाला. चला, पुढच्या भागात भेटू.